बर्नार्डचा तारा: तीनदा सापडलेल्या ग्रहांचं प्रकरण

भुजंगधारी तारकासमूहात एक फिका, तांबूस तारा आहे. नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही, कारण काळोख्या रात्री डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याच्या साधारण पंचविसाव्या हिश्श्याइतकंच त्याचं तेज आहे. वस्तुमान सूर्याच्या सहाव्या भागाइतकं. अंतर मात्र 6 प्रकाशवर्षांच्या किंचित आत. अल्फा सेंटॉरीचं त्रिकूट सोडलं तर इतका जवळचा दुसरा तारा नाही.

या एका ताऱ्याभोवती ग्रह असल्याचं 1963 मध्ये सांगितलं गेलं, 2018 मध्ये सांगितलं गेलं आणि 2024 मध्ये पुन्हा सांगितलं गेलं. पहिले दोन दावे टिकले नाहीत. तिसरा टिकला, आणि 2025 मध्ये एकाचे चार ग्रह झाले. सूर्यमालेबाहेरचे ग्रह शोधायचे म्हणजे नेमकं काय करायचं, हे समजून घ्यायला याहून चांगलं प्रकरण मला माहीत नाही. तिन्ही वेळा माणसं कसलेली होती, मोजमापं कष्टाने मिळवलेली होती, आणि आलेखावरची लाट पटण्यासारखी होती. मग तिसऱ्या वेळी वेगळं काय झालं? ‘दुर्बिणी सुधारल्या’ हे उत्तर खरं आहे, पण त्याने माझं समाधान होत नाही. 2018 च्या दुर्बिणीही उत्तमच होत्या.

धावणारा तारा

1916 मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड बर्नार्ड यांना जुन्या आणि नव्या फोटोंची तुलना करताना हा तारा जागा बदलताना दिसला. तारे एकमेकांच्या तुलनेत स्थिर वाटतात, पण प्रत्येकाला स्वतःची चाल असते. तिला निजगती म्हणतात. बहुतेक ताऱ्यांची निजगती इतकी कमी की माणसाच्या आयुष्यात ती जाणवतही नाही. हा तारा वर्षाला 10.3 विकला सरकतो. एका अंशाच्या 60 कला, एका कलेच्या 60 विकला, या हिशेबाने पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीइतकं अंतर तो 180 वर्षांत कापतो. सगळ्या ज्ञात ताऱ्यांमध्ये हा विक्रम आजही त्याचाच आहे.

जवळचा, हलका आणि वेगाने सरकणारा. ग्रह शोधणाऱ्याला यापेक्षा जास्त काय हवं? ग्रह स्वतः दिसत नाही, ताऱ्याच्या झगमगाटात तो पार बुडून जातो. पण ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर दोघेही त्यांच्या सामाईक वस्तुमानमध्याभोवती फिरत असतात. ग्रहाचं वर्तुळ मोठं, ताऱ्याचं अगदी चिमुकलं. तारा जितका हलका तितकं त्याचं वर्तुळ मोठं, आणि तारा जितका जवळ तितकं ते आपल्याला मोठं दिसतं. हे वर्तुळ दोन प्रकारे पकडता येतं. एक तर ताऱ्याची आकाशातली जागा मोजत राहायची आणि त्याची सरळ वाट नागमोडी होते का ते पाहायचं. नाहीतर त्याच्या प्रकाशाचा वर्णपट घेऊन तो आपल्याकडे येतोय की दूर जातोय, आणि किती वेगाने, हे मोजायचं. या प्रकरणातला पहिला दावा पहिल्या पद्धतीचा आहे, पुढचे दोन दुसऱ्या.

स्प्राउलच्या काचा

पीटर व्हॅन डी कॅम्प मूळचे नेदरलँड्सचे. 1937 मध्ये ते अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजच्या स्प्राउल वेधशाळेचे संचालक झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी बर्नार्डच्या ताऱ्याचे फोटो घ्यायला सुरुवात केली. दुर्बीण 24 इंची भिंगाची, तब्बल 11 मीटर लांबीची. फोटो काचेच्या पट्ट्यांवर. रात्री काच दुर्बिणीला लावायची, दिवसा ती सूक्ष्मदर्शकाखाली धरून ताऱ्यांच्या ठिपक्यांमधली अंतरं मोजायची. वर्षानुवर्षं हेच काम, अनेक निरीक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हातांनी चाललेलं. 1963 पर्यंत जमलेल्या काचा होत्या 2413. त्यातल्या काही तर 1916 ते 1919 या काळातल्या.

या काचांवरून त्यांनी जाहीर केलं की ताऱ्याची वाट नागमोडी आहे, आणि तिला नागमोडी करणारा ग्रह गुरूच्या 1.6 पट वस्तुमानाचा असून 24 वर्षांत एक फेरी पूर्ण करतो.

दावा किती बारीक मोजमापावर उभा होता हे आकड्यांत पाहायला हवं. असा ग्रह बर्नार्डच्या ताऱ्याला विकलेच्या सुमारे चाळिसाव्या भागाइतकं हलवेल. स्प्राउलच्या दुर्बिणीत काचेवरचा 1 मिलिमीटर म्हणजे आकाशातल्या जवळजवळ 19 विकला. म्हणजे काचेवर हे हलणं साधारण 1 मायक्रॉन, मिलिमीटरचा हजारावा भाग. ताऱ्याचा काचेवरचा ठिपका याच्या कितीतरी पट मोठा असतो. आणि त्याच काचांवर तारा नुसत्या निजगतीमुळे दर वर्षी अर्धा मिलिमीटर पुढे सरकत होता. दर वर्षी 500 पावलं चालणारा माणूस 24 वर्षांत एकदा एक पाऊल डावीकडे झुकला की नाही, ते शोधायचं होतं.

एका काचेवर हे दिसणं अशक्य. म्हणून शेकडो काचांची सरासरी. इथे या प्रकरणाचं पहिलं मर्म आहे. सरासरीने यादृच्छिक चूक कमी होते: कुणाचा हात जरासा हलला, कुठल्या रात्री हवा अस्थिर होती, हे सगळं एकमेकांना खोडून काढतं. पण सगळ्या काचांत सारखीच शिरलेली चूक सरासरीने तसूभरही हलत नाही. उलट बाकीचा गोंधळ शांत झाल्यामुळे ती अधिक ठळक, अधिक खरी वाटू लागते.

1969 मध्ये व्हॅन डी कॅम्प यांनी सुधारित हिशेब मांडला. एक लंबवर्तुळाकार कक्षेतला ग्रह, किंवा मग वर्तुळाकार कक्षेतले दोन: गुरूच्या 1.1 आणि 0.8 पट वस्तुमानाचे, 26 आणि 12 वर्षांच्या फेऱ्यांचे. तोवर हे निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत गेले होते. 1973 मध्ये ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने ‘डीडेलस’ या मानवरहित आंतरतारकीय यानाचा अभ्यास सुरू केला तेव्हा मुक्काम म्हणून याच ताऱ्याची निवड झाली.

त्याच 1973 मध्ये दोन गोष्टी घडल्या. जॉर्ज गेटवुड आणि हाइनरिख आयकहॉर्न यांनी अलेगेनी आणि व्हॅन व्लेक या दुसऱ्या दोन वेधशाळांच्या काचा घेतल्या, त्या यंत्राने मोजून घेतल्या आणि बर्नार्डच्या ताऱ्याची वाट पुन्हा काढली. वाट सरळ निघाली. व्हॅन डी कॅम्प यांनी ताऱ्याची जागा ठरवायला तीनच संदर्भ तारे, म्हणजे ज्यांच्यापासून अंतर मोजायचं असे शेजारचे तारे, वापरले होते. गेटवुड आणि आयकहॉर्न यांनी त्याहून बरेच जास्त घेतले. तीन खुंट्यांना बांधलेल्या दोरीत एक खुंटी जरा हलली तरी सगळा आखाडा हलतो, तसा हा प्रकार.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. ती स्प्राउलमध्येच घडली. तिथले जॉन हर्शी ग्लीझ 793 या पूर्णपणे वेगळ्या ताऱ्याच्या काचा अभ्यासत होते. आकाशाचा भाग वेगळा, तारा वेगळा, पण दुर्बीण तीच. त्या ताऱ्याच्या वाटेतही झटके दिसले, आणि बर्नार्डच्या ताऱ्याच्या वाटेत जिथे दिसले होते त्याच वर्षांत दिसले. 1949 मध्ये दुर्बिणीच्या भिंगाची चौकट बदलली होती. 1957 मध्ये भिंगाची जुळणी पुन्हा केली होती. दोन असंबद्ध तारे एकाच साली एकाच तऱ्हेने डुलत असतील तर हलतंय ते भिंग.

भिंग जरा कललं तर सगळेच तारे सारखे सरकायला हवेत, मग ग्रहाचा भास का व्हावा, असं कुणी विचारेल. सगळे सारखे सरकत नाहीत. भिंगातून जाताना तांबडा आणि निळा प्रकाश वेगवेगळा वळतो, आणि भिंगाच्या जुळणीतल्या दोषामुळे तेजस्वी ठिपका एका बाजूला जरा पसरतो, मंद ठिपका तितका पसरत नाही. बर्नार्डचा तारा चांगलाच तांबडा. संदर्भ तारे रंगाने आणि तेजाने निराळे. त्यामुळे भिंगाची प्रत्येक दुरुस्ती या ताऱ्याला शेजाऱ्यांच्या तुलनेत किंचित ढकलत होती. किंचित म्हणजे मायक्रॉनभर, आणि दावाही मायक्रॉनभराचाच होता.

व्हॅन डी कॅम्प यांच्या जागी संचालक म्हणून आलेल्या वुल्फ हाइन्झ यांनीही 1976 पासून या निष्कर्षांवर आक्षेप घेतले. व्हॅन डी कॅम्प शेवटपर्यंत मागे हटले नाहीत. 1982 मध्येही त्यांनी दोन ग्रहांचा हिशेब पुन्हा छापला. मे 1995 मध्ये ते वारले. ऑक्टोबर 1995 मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलोज यांनी 51 पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा ग्रह जाहीर केला, आणि व्हॅन डी कॅम्प ज्या विषयासाठी आयुष्यभर काचा मोजत बसले तो विषय पाच महिन्यांनी खऱ्या अर्थाने सुरू झाला. हे वाचलं की मला दरवेळी वाईट वाटतं.

ही कथा पुष्कळदा हट्टी म्हाताऱ्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला ते अन्यायाचं वाटतं. 25 वर्षांची शिस्त हट्टातून येत नाही. त्यांचं चुकलं ते एका ठिकाणी: ज्या कपाटात बर्नार्डच्या ताऱ्याच्या काचा होत्या तिथेच, त्याच दुर्बिणीच्या, इतर ताऱ्यांच्याही काचा होत्या. ज्या ताऱ्याभोवती काही असल्याचा संशय नाही अशा ताऱ्याला हीच पद्धत लावून पाहायची, हा प्रयोग त्यांच्या हाताच्या अंतरावर होता. तो हर्शींनी केला, आणि आपल्याच वेधशाळेचा सर्वांत गाजलेला शोध त्यामुळे ढासळतोय हे दिसत असताना तो छापला. या गोष्टीत कौतुक कुणाचं करायचं तर मी हर्शींचं करेन.

वेगाची मोजणी

पुढची काही वर्षं या ताऱ्याभोवती काय नाही, याचीच नोंद होत गेली. वर्णपटाची पद्धत आता हाताशी आली होती. ताऱ्याच्या प्रकाशात ठराविक तरंगलांबींवर काळ्या रेषा असतात. तारा आपल्याकडे येत असेल तर त्या निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या बाजूला. बर्नार्डचा तारा सेकंदाला 110 किलोमीटर वेगाने आपल्याकडे येतो आहे. त्या सरळ वेगावर ग्रहामुळे येणारी बारीक लाट स्वार झालेली असते.

व्हॅन डी कॅम्प यांचा ग्रह असता तर, कक्षा अगदी समोरून दिसत असण्याचा अपवाद सोडून, ही लाट सेकंदाला 50 मीटरच्या आसपास भरली असती. लिक आणि केक वेधशाळांतल्या 25 वर्षांच्या मोजमापांवर आधारलेला अभ्यास 2013 मध्ये छापला गेला. त्याची अचूकता सेकंदाला काही मीटर होती. त्यात अशी कुठलीही लाट नव्हती. तो विषय तिथे कायमचा मिटला.

या मोजणीत काय काय वजा करावं लागतं ते पाहिलं की या कामाबद्दलचा आदर वाढतो. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला 30 किलोमीटर वेगाने धावते, म्हणून ताऱ्याचा मोजलेला वेग वर्षभरात त्या प्रमाणात वरखाली होतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, तेही वजा करायचं. आणि या ताऱ्याच्या बाबतीत एक खास गोष्ट: तो आडवा इतक्या वेगाने सरकतो की त्याच्याकडे पाहण्याची आपली दिशाच बदलत जाते, आणि त्यामुळे त्याचा समोरचा वेग दर वर्षी सेकंदाला 4.5 मीटरने बदलताना दिसतो. यामागे ना ग्रह ना गुरुत्वाकर्षण, नुसती भूमिती. पण ती विसरलात तर पुढचं सगळं गणित फुकट.

233 दिवस

नोव्हेंबर 2018 मध्ये इग्नासी रिबास आणि त्यांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाने ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापला. 233 दिवसांची लाट, उंची सेकंदाला 1.2 मीटर, म्हणजे माणसाच्या सावकाश चालण्याइतका वेग. ग्रहाचं वस्तुमान पृथ्वीच्या किमान 3.2 पट, ताऱ्यापासूनचं अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या 0.4 पट, आणि तापमान उणे 170 अंश सेल्सिअसच्या आसपास.

हा गट स्प्राउलचा धडा पुरेपूर शिकलेला होता. एका यंत्रावर त्यांनी विसंबून राहायचं टाळलं: हार्प्स, हार्प्स-नॉर्थ, यूव्हीईएस, हायरेस, पीएफएस, एपीएफ आणि कार्मेनेस अशा सात यंत्रांची मिळून 771 मोजमापं, 20 वर्षांहून जास्त काळाची. एका यंत्रातली खोड सातांत कशी येईल? आणि शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांनी त्याला ‘संभाव्य’ म्हटलं होतं. बातम्यांच्या मथळ्यांनी तो शब्द गाळला, यात गटाचा दोष नाही.

तरीही लाट ग्रहाची नव्हती. सातही यंत्रं वेगवेगळी होती, पण ती एकाच ताऱ्याकडे पाहत होती आणि एकाच पृथ्वीवरून पाहत होती. या दोन गोष्टी सगळ्या मोजमापांत सामाईक होत्या.

आधी तारा. त्याच्यावर सूर्यावर असतात तसे डाग असतात. तारा स्वतःभोवती फिरतो तेव्हा त्याची एक कड आपल्याकडे येते आणि दुसरी दूर जाते. येणाऱ्या कडेवर काळा डाग असेल तर त्या बाजूचा प्रकाश कमी पडतो आणि वर्णरेषा जराशा तांबड्या बाजूला झुकतात. डाग पलीकडच्या कडेला गेला की उलट. तारा जागचा हललेला नसतो, पण वेगाच्या आलेखात लाट उमटते. बर्नार्डचा तारा वयाने जुना आणि शांत आहे, एका फेरीला त्याला 145 दिवसांच्या आसपास लागतात.

आता पृथ्वी. डिसेंबरात सूर्य भुजंगधारीतच असतो, त्यामुळे दर वर्षी त्या सुमारास हा तारा निरीक्षणाला मिळतच नाही. मोजमापांत दर वर्षी एक भगदाड पडतं. म्हणजे आपण ताऱ्याकडे सतत पाहत नाही, एका वार्षिक ठेक्यात पाहतो. सिनेमात बग्गीचं चाक उलटं फिरताना दिसतं, ते चाकाचा वेग आणि कॅमेऱ्याचा ठेका यांच्या गुंत्यामुळे. तोच गुंता इथे होतो.

गणित कागदावर करण्याइतकं सोपं आहे. 233 दिवसांची लाट म्हणजे वर्षाला 1.57 फेऱ्या. त्यात पृथ्वीची एक फेरी मिळवा: 2.57. आता 365 ला 2.57 ने भागा. उत्तर येतं 142 दिवस, ताऱ्याच्या स्वतःभोवती फिरण्याच्या काळाला जवळजवळ चिकटून. नेमकं 145 येत नाही, पण ताऱ्याचं फिरणं हा एक टोकदार आकडा नसतोच. डाग उगवतात, विरतात, वेगवेगळ्या अक्षांशांवर येतात, त्यामुळे त्या काळाला थोडी रुंदी असते.

2021 मध्ये जॅक ल्युबिन आणि सहकाऱ्यांनी हेच दाखवलं. टेक्सासमधल्या हॉबी-एबर्ली दुर्बिणीवरच्या अवरक्त (तांबड्याच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या) वर्णपटमापकाने घेतलेल्या नव्या मोजमापांत 233 दिवसांची लाट नव्हती. मग त्यांनी जुनी मोजमापंच तुकड्या-तुकड्याने तपासली, तेव्हा लाटेचा जोर काही वर्षांच्या तुकड्यातच एकवटलेला आढळला. ग्रह काही वर्षं फिरून थांबत नाही. डाग मात्र येतात आणि जातात. पुढे 2022 मध्ये हवाईतल्या स्पिरू या अवरक्त यंत्राच्या मोजमापांतही ही लाट सापडली नाही.

अवरक्त का, हेही सांगायला हवं. डाग आणि भोवतालचा पृष्ठभाग यांच्या तेजातला फरक तांबड्या-अवरक्त प्रकाशात कमी होतो. ग्रहाने ओढलेला तारा मात्र सगळ्या रंगांत सारखाच हलतो. म्हणून रंग बदलला की लाट फिकी पडते का, ही डाग ओळखण्याची फार चांगली कसोटी आहे.

अर्ध्या मीटरहून थोडं जास्त

1 ऑक्टोबर 2024 रोजी होनाय गोन्सालेस एर्नांदेस आणि सहकाऱ्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. चिलीतल्या पॅरानाल इथल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपवर एस्प्रेसो नावाचा वर्णपटमापक आहे. निर्वात टाकीत बंद केलेला, तापमान अंशाच्या हजाराव्या भागाच्या पातळीवर स्थिर ठेवलेला. त्याने चार वर्षांत घेतलेल्या मोजमापांत 3.15 दिवसांची लाट होती, उंची सेकंदाला 55 सेंटिमीटर. शिवाय 2.34, 4.12 आणि 6.74 दिवसांच्या तीन लाटांचा संशय नोंदवला होता. 233 दिवसांच्या ग्रहाचा मागमूस नव्हता.

55 सेंटिमीटर म्हणजे किती? दृश्य प्रकाशातली एखादी वर्णरेषा इतक्या वेगाने सरकते ती तरंगलांबीच्या साधारण 50 कोटीव्या भागाने. अंतर म्हणून मोजलं तर प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही कमी. एस्प्रेसोच्या संवेदकावर हे सरकणं एका पिक्सेलच्या हजाराव्या भागाच्या आसपास भरतं. एका रेषेवरून ते कळणं शक्यच नाही, हजारो रेषांचा मेळ घालावा लागतो. थोडक्यात, पुन्हा सरासरीच. स्प्राउलमध्ये जी वाट धोक्याची ठरली तीच वाट, फक्त आता वाटेतले खड्डे माहीत झालेले.

ताऱ्याच्या डागांचं काय केलं? ते नाहीत असं धरून चालण्याऐवजी त्यांचं गणित ग्रहांच्या गणितासोबतच मांडलं. ताऱ्याचा फिरण्याचा काळ, डागांचं आयुष्य, वर्णरेषांच्या आकारातले बदल ही सगळी माहिती वापरून डागांमुळे उमटणाऱ्या लाटेचा स्वतंत्र अंदाज घेतला आणि उरलेल्या भागात ग्रह शोधले. तीन-चार दिवसांच्या लाटा 145 दिवसांच्या चक्रापासून इतक्या दूर आहेत की गल्लत होण्याची शक्यताही कमी.

तरीही, माझ्या दृष्टीने प्रकरण 2024 मध्ये निकाली निघालं नाही. ते निघालं मार्च 2025 मध्ये. हवाईतल्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीवर शिकागो विद्यापीठात तयार झालेलं मरून-एक्स नावाचं यंत्र आहे. रित्विक बसंत आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षांत 112 रात्री याच ताऱ्याची मोजमापं घेतली होती. यंत्र वेगळं, गोलार्ध वेगळा, गट वेगळा, तांबड्या प्रकाशावर भर. त्यांच्या मोजमापांत 3.15 दिवसांची लाट होती, आणि 2.34 व 4.12 दिवसांच्याही होत्या. दोन्ही यंत्रांची मोजमापं एकत्र केल्यावर 6.74 दिवसांचा चौथाही पक्का झाला. त्याची लाट सेकंदाला 20 सेंटिमीटरच्या थोडी वर आहे. तुलनेसाठी: पृथ्वी सूर्याला सेकंदाला 9 सेंटिमीटरने हलवते, गुरू साडेबारा मीटरने.

2018 च्या सात यंत्रांची बेरीज आणि 2025 ची ही दोन यंत्रं यांतला फरक मला इथे दिसतो. तिथे सात यंत्रांचे आकडे एकत्र करून एक लाट काढली होती. इथे त्याच तीन लाटा दोन यंत्रांना स्वतंत्रपणे सापडल्या आणि नंतर आकडे एकत्र आले. मिळून एक साक्ष देणारे सात साक्षीदार आणि एकमेकांना न विचारता तीच साक्ष देणारे दोन, यांत मी दोघांवर जास्त भरवसा ठेवेन.

चारही ग्रह पृथ्वीहून बरेच हलके आहेत: पृथ्वीच्या साधारण पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याचे. व्हॅन डी कॅम्प यांनी सांगितलेला ग्रह याहून दीड हजार पटींनी जड होता. चौघांच्या कक्षा ताऱ्याच्या इतक्या जवळ की सूर्यमालेत ठेवल्या तर सगळ्या बुधाच्या कक्षेच्या दहाव्या भागात मावतील. तारा थंड असूनही 3.15 दिवसांच्या ग्रहाचं अंदाजित तापमान 125 अंश सेल्सिअसच्या आसपास येतं, म्हणजे द्रवरूप पाण्यासाठी फारच गरम. द्रवरूप पाणी टिकेल असा पट्टा या ताऱ्याभोवती 10 ते 42 दिवसांच्या कक्षांत येतो, आणि मरून-एक्सच्या मोजमापांनी तिथे पृथ्वीएवढा ग्रह असण्याची शक्यता जवळजवळ मोडीत काढली आहे. पृथ्वीच्या निम्म्याहून बऱ्याच हलक्या ग्रहाला अजून जागा आहे.

वर दिलेली वस्तुमानं किमान आहेत, हे विसरून चालणार नाही. वेगाच्या पद्धतीत ताऱ्याचा फक्त आपल्या दिशेचा वेग कळतो. कक्षा कललेली असेल तर खरं वस्तुमान त्याहून जास्त. कल कळण्याची सोपी वाट म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना दिसणं, म्हणजेच अधिक्रमण. पण टेस या अंतराळ दुर्बिणीने या ताऱ्याकडे पाहिलं तेव्हा तसं अधिक्रमण दिसलं नाही. त्यामुळे या ग्रहांची त्रिज्या माहीत नाही, घनता माहीत नाही, ते खडकाचे असावेत हा अंदाज वस्तुमानावरून केलेला आहे. वातावरण आहे का, याचं उत्तर देण्याची सर्वांत रुळलेली रीत अधिक्रमणावरच अवलंबून असते, आणि इथे ती बंद आहे.

चौघांची नावं रिवाजाप्रमाणे शोधाच्या क्रमाने पडली: बी, सी, डी, ई. खगोलशास्त्राच्या नोंदीत ‘बर्नार्ड बी’ हे नाव 2018 च्या त्या 233 दिवसांच्या ग्रहालाही दिलं गेलं होतं. जुने लेख वाचताना साल पाहून घ्या. सहा वर्षांच्या अंतराने तेच नाव दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरलेलं आहे, आणि त्यातली एकच खरोखर फिरते आहे, दर 3 दिवस 4 तासांनी एक फेरी.